बुर्गीचा मधला आवाज

गाण्याची चाल वरच्या आवाजाकडे असते आणि पाया खालच्या आवाजाकडे. मधे जे उरतं ते वाल्बुर्गा श्टीगलरच्या वाट्याला आलं, आणि तिनं ते कधी कुणाला परत केलं नाही.

तिचे वडील कायेतान श्टीगलर हे व्हिएन्नाच्या तटाबाहेरच्या गुम्पेनडोर्फ वस्तीतल्या चर्चचे गायनमास्तर. ज्या हिवाळ्यात मधल्या आवाजाची पोरं एकापाठोपाठ एक मिसरूड फुटून घोगरी झाली, त्या हिवाळ्यात मास्तरांनी आपल्या पोरीला वरच्या सज्ज्यात ऑर्गनच्या खांबाआड उभं केलं. "दिसू नकोस, ऐकू ये," एवढीच ताकीद. पुढे व्हायोला वाजवणारा गृहस्थ दारूपायी सज्ज्याच्या जिन्यावरून गडगडला, तेव्हा ते वाद्यही तिच्याच खांद्यावर आलं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण. आवाज जरा भरदार, पण लग्नाच्या वरातीत पुढं चालायला तिला कुणी बोलावत नाही. वाल्बुर्गाला सगळे बुर्गी म्हणायचे. बुर्गी आणि व्हायोला, दोघींचं जमलं.

त्या सज्ज्यात फ्यूग म्हणजे रोजचा पाव. एका आवाजानं चाल म्हणायला घ्यायची. ती संपते न संपते तोच दुसऱ्यानं तीच चाल वेगळ्या पट्टीत उचलायची, मग तिसऱ्यानं, मग चौथ्यानं. आपली चाल म्हणून झाली तरी गप्प बसायचं नाही. दुसऱ्याच्या चालीला शोभेल असं आपलं काहीतरी वेगळं गात राहायचं. चार जण एकाच वेळी बोलतात आणि तरी भांडण होत नाही, असा तो प्रकार. भांडण व्हायचं ते कुणी आपली वेळ चुकवली की. त्यावर सज्ज्याचा एक जुना कायदा होता: शेजाऱ्यानं चाल उचलली नाही, तर ज्याच्या कानाला ते आधी कळेल त्यानं आपलं सोडून ती उचलायची. खाली गुडघे टेकलेल्या माणसांना वर काय फाटलंय ते कळता कामा नये.

बुर्गीच्या कानाला ते सर्वांआधी कळायचं. तिसरा आवाज श्वास घ्यायला विसरला, की हिचा गज तिकडे धावलाच. वडील ऑर्गनवरून मान न वळवता म्हणायचे, "माझी रफूवाली आहे म्हणून अब्रू आहे."

मग सम्राट योझेफचा हुकूम आला. चर्चमधला थाटमाट पुरे. वाद्यं खाली ठेवा, लोकांनाच साधी जर्मन भजनं म्हणू द्या. वेदीवरच्या मेणबत्त्याही कमी करा. सज्ज्याला कुलूप लागलं. श्टीगलरमास्तर घरात चुलीजवळ बसू लागले आणि सम्राटावर रागावून पावाचे तुकडे करू लागले. बुर्गी हातमोजे शिवायची. पस्तिशीला टेकली होती, लग्नाचं बोलणं कधीच थांबलं होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते दर रविवारी दुपारी.

कारण दर रविवारी दुपारी, चौकापलीकडे, मेणबत्तीवाल्या केर्नच्या घरी चौघं जमून वाजवायचे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक खर्जातला चेलो. खिडकीतून वितळलेल्या मेणाचा वास यायचा आणि त्याच्यासोबत संगीत. एकदा व्हायोला वाजवणाऱ्या मोजणीदाराची बदली लिंत्सला झाली. त्यानंतर तिघंच वाजवत राहिले. बुर्गी हातमोजा मांडीवर ठेवून ऐकायची. पुढचे दोन दात पडलेल्या माणसाच्या बोलण्यासारखं ते ऐकू यायचं. आणि जे गळत होतं ते नेमकं काय, हे तिला पाठ होतं.

चेलोवाला वेन्त्सेल हृश्का एके दिवशी दारात उभा राहिला. हा मूळचा बोहेमियाचा, दारूची पिंपं बनवणारा, स्वतःही पिंपासारखाच.

"बुर्गीबाई, खुंटीवरची ती व्हायोला अजून वाजते का तिच्यात चिमण्यांनी घर केलंय?"

"वाजते."

"मग रविवारी घेऊन या."

चुलीजवळून आवाज आला, "कशाला? चौकडी वाजवायला? एक बोलतो आणि तिघं माना डोलावतात. त्याला दरबार म्हणतात हृश्का, संगीत नव्हे."

"मास्तर, माना डोलवायलाही माणूस लागतं की!"

"आणि केर्न काय म्हणतो?" बुर्गीनं विचारलं.

हृश्कानं टोपी फिरवली. "केर्न अजून काही म्हणत नाही. त्याला अजून सांगितलंच नाही."

सांगितल्यावर केर्न पुष्कळ म्हणाला. फ्लोरिआन केर्न पहिलं व्हायोलिन वाजवायचा, घर त्याचं, मेणबत्त्या त्याच्या, त्यामुळे मतंही त्याचीच. "बाईमाणसानं हनुवटीखाली वाद्य धरून बसायचं? चार पुरुषांत?"

"तीन," त्याची बायको रोझिना म्हणाली. "चौथा लिंत्सला गेला."

"लोक काय म्हणतील?"

"लोक? तुमचं वाजवणं सुरू झालं की शेजारपाजारचे आपण होऊनच खिडक्या लावून घेतात. कुणाला दिसणार आहे?"

केर्ननं मग मोठ्या मनानं मधला मार्ग काढला. नोव्हेंबरात संत सेसिलियाचा सण येतो, ती वाद्यं वाजवणाऱ्यांची देवी. त्या दिवशी वस्तीतले वाजवणारे-गाणारे सगळे केर्नकडे यायचे. "सेसिलियापर्यंत बसू दे. मग बघू. चालत असेल तर खुर्ची तिची. नसेल तर हातमोजे आहेतच."

बुर्गीनं व्हायोलाला नव्या तारा लावल्या. वडिलांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पहिले काही रविवार सोपे गेले. केर्नच्या आवडीच्या चौकड्या म्हणजे केर्नच केर्न. तो वर गिरक्या घ्यायचा, खाली हृश्का पाय आपटल्यासारखा ठोके द्यायचा, आणि मधे बुर्गी आणि दुसऱ्या व्हायोलिनवरचा इग्नात्स प्राइंडल टुक-टुक, टुक-टुक करत राहायचे. प्राइंडल केसांचे टोप बनवायचा. सडपातळ, अबोल, बोटांना कायम पावडर. तिच्याकडे तो बघतही नसे. बुर्गी मात्र खूश होती. खुर्ची होती, गज हलत होता, मधली जागा भरली होती.

आणि मग केर्ननं शहरातून नवी चौकडी नकलून आणली. रचणारा कुणी तरुण होता, त्याचं नाव नकलणाऱ्यानं असं गिरबटलं होतं की ते धड लागेना.

"म्हणतात, हायडनसाहेबांच्या वाटेनं चाललाय," केर्न म्हणाला. "सेसिलियाला हीच वाजवू. नवं काहीतरी."

पहिले तीन भाग ठीक गेले. चौथा भाग सुरू झाला आणि केर्नकडे चालच नव्हती. चाल प्राइंडलनं सुरू केली, एकट्यानं, हलक्या आवाजात. ती संपता संपता बुर्गीची आली. मग हृश्काची. केर्न गज वर धरून बसला होता, वाढपी आपल्याला विसरून पुढं गेलाय अशा चेहऱ्यानं.

"थांबा!" तो ओरडला. "हे काय आहे?"

"फ्यूग आहे," बुर्गीच्या तोंडून निघून गेलं.

"ते मलाही दिसतंय. पण ती इथं काय करतेय? शेवटच्या भागात नाचाची चाल असते. लोकांना घरी जाताना गुणगुणायला काय देणार? आमेन?"

हृश्का डोळे मिटून हसत होता. "मला तर बरं वाटलं बुवा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वाक्य दिलं. नाहीतर आपलं 'हो', 'बरं', 'असं का'!"

ते पुन्हा बसले आणि पुन्हा कोलमडले. केर्नला सवय मोठ्यानं वाजवायची. ज्याच्याकडे चाल त्याला तो झाकून टाकायचा. हृश्का आनंदाच्या भरात पळत सुटायचा. बुर्गीला मात्र बऱ्याच वर्षांनी माहेरी आल्यासारखं झालं होतं. हीच ती जुनी वाट. आधाराला ऑर्गन नाही, धूप नाही, पण पावलं तीच. मधेच कुठेतरी चाल परत प्राइंडलकडे यायची होती. तो ओठ हलवत गप्प राहायचे ठोके मोजत होता. जागा आली, आणि त्याचा गज हललाच नाही.

बुर्गीचा हलला. तिनं प्राइंडलची चाल उचलली, जशी वीस वर्षं कुणाकुणाची उचलली होती, आणि मोठ्या सफाईनं शेवटापर्यंत नेली. ते पहिल्यांदाच न मोडता शेवटाला पोचले.

"वा!" हृश्का म्हणाला.

प्राइंडलनं व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "माझी चाल कुणी वाजवली?"

बुर्गीनं गज खाली घेतला.

"मी," बुर्गी म्हणाली. "तुमची राहिली म्हणून..."

"राहिली तर राहिली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पण फाटलं असतं ना, प्राइंडलसाहेब!"

"फाटू दे! माझं आहे, माझं फाटेल. तुम्ही सुईदोरा घेऊन माझ्या अंगावर का चढता?"

इतका लांब तो आजवर कधी बोलला नव्हता. रोझिना कॉफीचं भांडं घेऊन दारातच थबकली. केर्ननं प्रत्येकाकडे पाहिलं आणि निवाडा दिला. "बाई, इथं प्रत्येकाचं पान प्रत्येकापुढे आहे. पुन्हा असं झालं तर सेसिलियाची वाट बघायला नको. आम्ही तिघं बरे होतो."

घरी आल्यावर वडिलांना हे ऐकवलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले. "टोपवाल्याला राग आला? अगं, आपल्या सज्ज्यात त्यानं तुझे हात धरून आभार मानले असते! आण बघू ती पानं. बघू दे, आजकालची पोरं कसलं फ्यूग लिहितात."

चारही पानं बुर्गीनं नीट उतरवून घ्यायला म्हणून आणली होती. एकाच कागदावर चारही आवाज असे लिहिलेले नव्हतेच. ज्याचं त्याचं पान वेगळं. तिनं कणीक मळायच्या टेबलावर चार बाजूंना चार पानं मांडली आणि म्हातारा टेबलाभोवती फिरू लागला. इथं दोन ओळी गुणगुणायचा, कोपरा वळायचा, तिथं दोन ओळी. पहिल्या फेरीला भुवया वर होत्या. दुसऱ्या फेरीला खाली आल्या. नंतर तो बसलाच नाही.

"बुर्गे, हे आपलंच आहे गं."

"म्हणजे?"

"हे बघ, इथं चाल उलटी केलीय. चढायची तिथं उतरतेय. आणि इथं एकाची संपायच्या आत दुसऱ्यानं घुसवलीय, दारात दोघं एकदम अडकल्यासारखी. हे मी पोरांना छड्या मारून शिकवलं. मला माझ्या मास्तरांनी मारून शिकवलं. या मुलालाही कुणीतरी मारलेलं दिसतंय." त्यांच्या आवाजात वत्सलपणा आला होता. "सम्राटानं आम्हाला सज्ज्यातून खाली ओढलं. आणि हे लबाड मागच्या दारानं मेणबत्तीवाल्याच्या बैठकीत जाऊन बसलं!"

"बाबा, पण सज्ज्यात आमच्या आवाजाला सहा जणं असायची."

"असायची."

"शिवाय तुमच्या ऑर्गनचा आधार."

"तोही होताच. इथं एकेका आवाजाला एकच माणूस. म्हणून तर तुझी रफू इथं जास्त लागेल! सांग त्या केर्नला."

मंगळवारी सकाळी बुर्गीनं पानं पुन्हा टेबलावर मांडली. तिनं व्हायोला काढली आणि ज्या जागी प्राइंडल चुकला होता ती जागा आपल्या पानावरून वाजवायला घेतली. वाजवता वाजवता तिचा हात थांबला. त्या जागी तिचं स्वतःचं काहीतरी होतं. चाल नव्हती, एक सावकाश उतरत जाणारी ओळ होती, चालीच्या बाजूनं, तिला न शिवता. रविवारी ती ओळ कुणीच वाजवली नव्हती. प्राइंडलची उचलायला ती धावली, तेव्हा मागं तिची जागा रिकामी पडली होती. सज्ज्यात तसं होत नसे. ती गेली तरी तिच्या आवाजाची पाच पोरं मागं उभी असायची.

रविवारी मात्र बुर्गी गेली होती, आणि केर्नला कळलं नव्हतं. हृश्कानं तर वा म्हटलं होतं. आणि बुर्गीला स्वतःलाही, आज मंगळवार उजाडेपर्यंत, आपण तिथं नव्हतो हे कळलं नव्हतं.

हे तिला त्या केर्नच्या धमकीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती प्राइंडलच्या दुकानात गेली. तो लाकडी डोक्यावर बसवलेला टोप विंचरत होता. तिला पाहून त्यानं विंचरणं थांबवलं नाही.

"माफी मागायला आले."

"ठीक."

"तुमची चाल घेतली म्हणून नाही. माझी सोडली म्हणून."

यावर तो वळला. "म्हणजे माझी घेतली त्याचं काही नाही?"

"त्याचंही आहे. पण ते तुम्हाला आधीच माहीत आहे."

प्राइंडलच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यानं लाकडी डोकं बाजूला सारलं आणि तिला बसायला स्टूल दिलं. "बाई, मी जन्मभर दुसरं व्हायोलिन वाजवतोय. केर्नच्या मागं, केर्नच्या खाली. त्या भागाची सुरुवात माझ्यापासून होते. माझ्यापासून! घरी आलो तेव्हा बायकोला दोनदा वाजवून दाखवली. आणि पुढे परत येते तेव्हा मी इतका घाबरतो की मोजता मोजता आकडेच विरघळतात."

"मोजू नका ना. आम्ही सज्ज्यात मोजायचो नाही. शेजाऱ्याचं मनात म्हणत राहायचं."

"शेजारी म्हणजे तुम्ही?"

"मीच."

"तुम्ही तर माझ्याकडे पळून आलेल्या असता!"

दोघंही हसले. मग तिनं त्याला तोंडानं आपली ती उतरती ओळ म्हणून दाखवली, टोपांच्या रांगेपुढे, हलक्या मधल्या आवाजात. त्यानं ती पुन्हा म्हणायला लावली. गिऱ्हाईक आलं तेव्हा दोघंही गप्प झाले.

सेसिलियाच्या दुपारी केर्नच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतले ट्रम्पेटवाले, बंद सज्ज्यातले बेकार गायक, कुणाच्या बायका, कुणाच्या सासवा. रोझिनानं मनुकांचा केक केला होता आणि केर्ननं चर्चला न लागलेल्या उंच मेणबत्त्या दिवसाउजेडीच लावल्या होत्या. श्टीगलरमास्तर आले. येणार नाही म्हणाले होते. आले आणि शेगडीजवळची खुर्ची धरून बसले. बुर्गीला पाहून एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. बुर्गीनं व्हायोला हनुवटीखाली धरली तेव्हा ते कुजबुजणं जरा वाढलं आणि मग थांबलं.

तीन भाग झाले. केर्न घामानं आणि समाधानानं चमकत होता. चौथा भाग सुरू झाला. प्राइंडलनं चाल सुरू केली, हलकेच, न अडखळता. बुर्गीनं तिला उत्तर दिलं. हृश्का आला, जरा पळत. केर्न आला, जरा मोठ्यानं. वीण घट्ट बसत गेली. शेगडीजवळ म्हाताऱ्याची बोटं गुडघ्यावर चालू लागली.

ती जागा जवळ आली. बुर्गीनं आपली उतरती ओळ धरली. तिला प्राइंडलचा श्वास ऐकू आला. आणि गज हलला नाही.

तिचा उजवा हात वीस वर्षांच्या सवयीनं ताठ झाला. पुढचा सूर बोटाखाली तयार होता. त्याची चाल तिला झोपेतही आली असती. खोलीभर लोक होते. चूक झाली तर केर्न कुणाला दोष देणार हेही तिला माहीत होतं: नव्या माणसाला, बाईला. शेगडीजवळची बोटं थांबली होती. वडील मान पुढं काढून तिच्याकडेच बघत होते, आता उचलेल, आता.

बुर्गी आपली ओळ वाजवत राहिली. एकेक पायरी उतरत.

जिथं चाल असायला हवी होती तिथं काही नव्हतं, आणि त्या काही-नव्हतंमधून व्हायोला स्पष्ट ऐकू येत होती. केर्ननं चमकून डावीकडे पाहिलं. आणि या माणसानं, ज्याला मेणाचा कारखाना आणि घर दोन्हीकडे मोठ्यानं बोलायची सवय, आपला गज तारेवर हलका केला. हृश्काही सावकाश झाला. तिघंच चालत होते, पण पडत नव्हते. मग चालीच्या मध्यावर, चालत्या गाडीत उडी मारून चढावं तसा, प्राइंडल आत आला. घामेजलेला, पण नेमक्या सुरावर. शेवटापर्यंत तो उतरला नाही.

टाळ्या वाजल्या. लोक केककडे वळले. एका ट्रम्पेटवाल्यानं हृश्काला विचारलं, "मधे तुम्ही लोक एकदम असे हळू झालात, ते रचणाऱ्यानंच लिहिलंय का?"

"नाही तर काय!" हृश्का म्हणाला. "फार अवघड जागा आहे."

प्राइंडल रुमालानं मान पुसत बुर्गीपाशी आला. "आज उचललं नाहीत."

"तुमचं होतं."

"हो, पण..." तो खाली वाकला. "मी मेलो होतो हो तिथं. थोडं उचललं असतंत तरी मी काही म्हणालो नसतो."

"मग माझं कुणी वाजवलं असतं?"

त्यानं विचार केला आणि केकचा आपला तुकडा तिला दिला.

वडील शेगडीपासून उठून आले. गर्दीत त्यांना वाट काढायला वेळ लागला. "तिथं फाटलं होतं, बुर्गे."

"हो, बाबा."

"ऐकलंस आणि सोडलंस?"

"सोडलं."

म्हाताऱ्याला रागवायचं होतं. तोंडही तसं केलं होतं. "ती खालची ओळ," शेवटी तो म्हणाला, "ती उतरणारी. चांगली लिहिलीय पोरानं. मी टेबलावर पाहिली तेव्हा लक्षात नव्हती आली." आणि शेगडीकडे वळता वळता, "तू वाजवतेस बरी."

हे त्यांनी तिला सज्ज्यात कधी म्हटलं नव्हतं.

माणसं पांगली. रोझिना मेणबत्त्या विझवत फिरत होती. केर्न स्टँडवरची पानं गोळा करत बुर्गीच्या खुर्चीशी आला आणि घसा खाकरला. खुर्चीचं काय, ते त्यानं सांगितलं नाही. पानं उगाच पुन्हा पुन्हा सारखी केली.

"त्या मुलाची आणखी एक चौकडी आहे, नकलून घ्यायला सांगितलीय," तो म्हणाला. "तिच्यात म्हणे व्हायोलाच सुरू करते. एकटी. बाकीचे आम्ही तिघं बसून राहायचं."

"तिच्यात फ्यूग आहे?"

"असणारच. मला नाचाची चाल कोण देतंय आता!" त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "पुढच्या रविवारी जमेल?"

"जमेल. पण माझं पान मला आधी पाठवा, केर्नसाहेब."

"आधी कशाला? तुम्ही तर वाचून लगेच वाजवता."

"वाजवता येईल हो," बुर्गी व्हायोला पिशवीत घालत म्हणाली. "घाबरायला जरा वेळ हवा."